लग्नाच्या फुटेजसाठी घेतलेली सीगेट आयर्नवुल्फ ४ टीबी: बसवण्यापासून भरवशापर्यंत

कल्याणला आमचा छोटा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. नवरा शूट करतो, एडिटिंग माझ्याकडे. कॅमेरा फोरकेमध्ये १०० एमबीपीएसला लावला की तासाला ४५ जीबी जागा जाते. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले, तर एका लग्नाचे ५४० जीबी झाले. हे सगळं एसएसडीवर ठेवणं परवडत नाही. म्हणून विंडोज आणि चालू काम एसएसडीवर, बाकी सगळं फिरत्या हार्ड डिस्कवर अशी आमची वाटणी आहे. जुनी डिस्क भरत आली तेव्हा सीगेटची आयर्नवुल्फ ४ टीबी घेतली, मॉडेल एसटी४०००व्हीएन००६. डिस्क उत्तम आहे आणि मी ती पुन्हा घेईन. पण ती आणल्या दिवशी वापरायला काढू नका, हे मला आग्रहाने सांगायचंय.

आधी, हीच का? लॅमिंग्टन रोडवर दुकानदार म्हणाला, "ताई, डेस्कटॉपला नासची डिस्क कशाला? बॅराकुडा घ्या, स्वस्त पडेल." नास म्हणजे नेटवर्कला जोडलेली, सतत चालू असणारी डिस्कची पेटी, आयर्नवुल्फ तिच्यासाठी बनवलेली. बॅराकुडा स्वस्त पडते हे खरं. पण सीगेटचीच ही ४ टीबीची बॅराकुडा एसएमआर पद्धतीची आहे. त्यात डेटाचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे कमी तबकड्यांत जास्त माल बसतो. मात्र मधलाच एखादा ट्रॅक पुन्हा लिहायचा झाला, तर त्याच्या शेजारचेही परत लिहावे लागतात. थोड्या फायली टाकल्या तर काही जाणवत नाही, कारण डिस्क त्या आधी वेगळ्या जागेत ठेवून घेते. पाचशे जीबी एका दमात ओतले की ती जागा भरते आणि वेग कोसळतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड नावाच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या तेव्हा मोठा गदारोळ झाला, आणि कंपनीने सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या डिस्कसाठी रेड प्लस हे वेगळं नाव आणलं. आयर्नवुल्फ सगळ्या सीएमआर आहेत, असं सीगेटने त्याच वेळी जाहीर केलं. आमच्याकडे सतत जुनं काढून नवं भरलं जातं, त्यामुळे मला सीएमआरच हवी होती. तुम्हाला घरचे फोटो एकदा भरून ठेवायचे असतील, तर बॅराकुडाही चालेल. उगाच जास्त पैसे घालू नका.

दुकानातून हलण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या. अँटिस्टॅटिक पिशवीचं सील, आणि डिस्कवरचा सीरियल नंबर बिलावर लिहिलाय का. तोच नंबर तिथेच मोबाइलवरून सीगेटच्या वॉरंटी पानावर टाकला आणि ३ वर्षांची मुदत दिसल्यावर पैसे दिले. हा संशयीपणा नाही. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीतल्या हाइझे या तंत्रज्ञान प्रकाशनाने वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या जात असल्याचं उघड केलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी स्मार्ट नोंद ठेवते, तिच्यातले वापराचे तास पुसून शून्यावर आणलेले होते. खरा आकडा फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीत शिल्लक होता. ती नोंद स्मार्टमॉनटूल्स या मोफत प्रोग्रामच्या ७.४ आवृत्तीपासून वाचता येते. घरी आल्यावर मी तीही पाहिली. दोन्हीकडचे तास जुळले.

डिस्कसोबत केबल, स्क्रू काहीही येत नाही, तेव्हा डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल दुकानातूनच घ्या. स्क्रू साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे लागतात, ६-३२ म्हणतात ते. एसएसडीचे बारीक एम३ स्क्रू त्यात नुसते गोल फिरतात. आमच्या कॅबिनेटमध्ये रबरी बुशवाला ट्रे आहे. तो असेल तर जरूर वापरा, थरथर पत्र्यापर्यंत पोचत नाही.

मेन स्विच बंद करून आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावायचा, मग डिस्कला. डेटा आणि पॉवर, दोन्ही साटा कनेक्टर एल आकाराचे असतात आणि एकाच बाजूने बसतात. जोर लावावा लागत असेल तर उलटं धरलंय असं समजा, नाहीतर प्लास्टिकची जीभ तुटते. पॉवरचं मात्र नीट ऐका. मॉड्युलर एसएमपीएसची, म्हणजे ज्याच्या केबल सुट्या निघतात अशा पॉवर सप्लायची केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. डिस्ककडचं टोक सारखंच असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकातल्या तारांचा क्रम कंपनीगणिक बदलतो आणि डिस्क क्षणात जळते. मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या पॉवर जोडावरून साटा करणारे ओतीव प्लास्टिकचे स्वस्त जोडही टाळा, त्यांत शॉर्ट होऊन आग लागल्याची उदाहरणं आहेत. मदरबोर्डचं मॅन्युअलही एकदा उघडा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ एसएसडी लावली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो आणि नव्या डिस्कला उगाच बोल लागतो.

मशीन सुरू केल्यावर धिस पीसीमध्ये नवी डिस्क दिसणार नाही, घाबरू नका. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडलं की ते इनिशियलाइझ करायला सांगतं. तिथे डिस्कची जागा नोंदवण्याच्या दोन पद्धतींपैकी जीपीटी निवडायची, कारण जुन्या एमबीआरमध्ये साधारण २.२ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. मग अनअलोकेटेड पट्ट्यावर न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस. फॉरमॅट करण्याआधी डिस्कचा क्रमांक आणि आकार दोनदा वाचा, शेजारीच तुमची भरलेली डिस्क असते. विंडोज ३.६३ टीबी दाखवेल. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या, बाकी फसवणूक काही नाही.

आता क्विक फॉरमॅटची खूण काढा. नवी डिस्क म्हणजे दोष नसलेली डिस्क, असं मुळीच नाही. कारखान्यातून निघाल्यावर ती किती ठिकाणी आदळते कोण जाणे. पूर्ण फॉरमॅट डिस्कच्या प्रत्येक जागेवर लिहितो, त्याला सात-आठ तास लागतात. तो झाला की सीगेटच्याच मोफत सीटूल्समधली लाँग जेनेरिक चाचणी लावायची. ती सगळं वाचून बघते, आणखी तेवढाच वेळ. शेवटी स्मार्ट नोंद दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये रीअलोकेटेड, पेंडिंग आणि अनकरेक्टेबल सेक्टर (डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागा) हे तीन आकडे शून्य हवेत. एकही वर असेल तर डिस्क दुकानात परत. सीगेटच्या डिस्कवर रॉ रीड एरर रेटचा आकडा प्रचंड दिसतो, तो तसाच असतो, त्याची काळजी नको.

एवढं कशासाठी? साखरपुड्यात नाचलेली आजी वर्षाने नसते, आणि तिच्या लेकीचा फोन येतो, "ताई, कच्चं फुटेज आहे का हो?" ते दुसऱ्यांदा शूट करता येत नाही. त्यासाठी डिस्क एक-दोन रात्री चालू ठेवायला लागली, तर लागू दे.

जुना डेटा हलवताना मी टेराकॉपी हा कॉपी करणारा प्रोग्राम वापरला, प्रत मूळ फायलीशी ताडून बघणारं व्हेरिफाय चालू ठेवून. त्यानंतर जुन्या डिस्कचं ड्राइव्ह लेटर बदललं आणि नवीला तिचं 'डी' दिलं. फोल्डरची नावंही तीच ठेवली, म्हणून प्रीमियर या एडिटिंग प्रोग्रामचे जुने प्रोजेक्ट फायली न शोधता उघडले. एडिटिंग करणाऱ्यांचे यात तासन् तास वाचतात. पॉवर ऑप्शन्समध्ये डिस्क बंद करण्याची वेळ 'नेव्हर' केली. नाहीतर चहा घेऊन आलं की पहिल्या क्लिकला डिस्क पुन्हा फिरेपर्यंत टाइमलाइन अडकते.

वेगाबद्दल तक्रार नाही. कंपनी २०२ एमबी प्रतिसेकंद म्हणते. रिकाम्या डिस्कवर मोठ्या फायलींना मला १९०च्या आसपास मिळाले. भरत जाईल तसा वेग उतरतो आणि शेवटाला साधारण निम्मा होतो. तबकडीच्या आतल्या कडेला ट्रॅक लहान असल्यामुळे हे सगळ्याच हार्ड डिस्कचं असतं. ५४०० आरपीएममुळे ती गरम कमी होते. हेडचा कुरकुर आवाज मात्र रात्रीच्या शांततेत ऐकू येतो, बेडरूममध्ये पीसी असेल त्यांनी विचार करावा. दुसरी उणीव अशी की नासची डिस्क असल्याने खराब सेक्टर वाचण्याचा प्रयत्न ती काही सेकंदांत सोडून देते. रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या मांडणीत ते बरोबरच आहे, तिथे दुसरी प्रत असते. एकट्या डिस्कला तो आधार नसतो.

बॉक्सवर ३ वर्षांच्या रेस्क्यू डेटा रिकव्हरीचा, म्हणजे बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढून देण्याच्या सेवेचा उल्लेख आहे, पण मी तिच्यावर विसंबत नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१चा नियम आम्ही पाळतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. त्यासाठी पोर्टेबल एसएसडीवरची प्रत डोंबिवलीला नणंदेकडे असते आणि अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत ती पुसली जात नाही.