ध्रुववरचा न्यूट्रॉन बीम: बेळगावहून पावडर घेऊन गेलेल्याचा रिव्ह्यू

परवा उद्यमबागेत चहा घेताना मित्र म्हणाला, काय ओ, ट्रॉम्बेला जाऊन आलास म्हणे, कसं काय तिथलं? गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दल विचारावं तसं विचारायलाय गडी. त्याला तिथंच उभ्या उभ्या अर्धा तास सांगितलं, चहा गार झाला, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली एमएस्सी झालेली, पीएचडीला लागलेली पोरं बरीच आहेत, त्यांना उपयोग होईल.

तर सर्व्हिस म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव रिअॅक्टरवर न्यूट्रॉन पावडर डिफ्रॅक्शन, म्हणजे पावडरीवर न्यूट्रॉनचा झोत टाकायचा आणि ते कुठल्या कोनात किती विखुरतात त्यावरून आत अणू कसे बसलेत ते काढायचं. ५ पैकी साडेचार. कापलेला अर्धा स्टार माझ्या स्वतःच्या गाढवपणाचा आहे, तो पुढं येईलच.

आधी हे सांगतो की मी तिथं गेलोच कशाला. माझा नमुना लँथनम कॅल्शियम मँगनाइट, लँथनम आणि कॅल्शियम निम्मं निम्मं. हा पदार्थ थंड करत नेला की साधारण २२५ केल्विनला चुंबकासारखा वागायला लागतो, सगळे स्पिन (अणूंचे बारीक चुंबक) एका दिशेला, आणि अजून खाली १५५ केल्विनच्या आसपास एकदम पलटी मारतो, फेरोमॅग्नेट होता तो अँटिफेरोमॅग्नेट होतो, स्पिन उलटसुलट बसतात. म्हणजे एकाच खड्यात दोन फेज ट्रान्झिशन, दोनदा अवस्था बदलते. आमच्याकडं एक्स-रेचं मशीन आहे, ते मी वर्षभर घासलं. पीक (आलेखातले उंचवटे) सुंदर यायचे, सेल पॅरामीटर (अणूंच्या परत परत येणाऱ्या चौकटीची मापं) निघायचे, तापमान बदललं की पीक थोडं सरकतं हेही दिसायचं, आणि मला वाटायचं काम झालं. मग सरांनी एक दिवस विचारलं, "बाळा, स्पिन कुठल्या दिशेला आहेत ते यात कुठं दिसायलंय दाखव बघू." काय दाखवणार.

एक्स-रे इलेक्ट्रॉनवर आपटतो. लँथनमकडं ५७ इलेक्ट्रॉन, ऑक्सिजनकडं ८. म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बी लावलाय आणि शेजारी कोण बासरी वाजवायलंय, ऐकू येणार का? आणि या पदार्थात सगळा खेळ ऑक्सिजनच्या पिंजऱ्याचा, तो किती वाकला, किती ताणला गेला यावरच मँगनीजचं वागणं ठरतं. न्यूट्रॉनचं तसं नाही. तो अणूच्या केंद्रकावर आपटतो आणि तिथं आकड्यांचा हिशोबच वेगळा, कुठलं केंद्रक किती जोरात विखुरतं त्याची मापं अशी, लँथनम ८.२४, ऑक्सिजन ५.८०, कॅल्शियम ४.७० फेम्टोमीटर, आणि मँगनीज तर उणे ३.७३, चक्क उलट चिन्हाचा. त्यामुळं ऑक्सिजन नीट दिसतो, मँगनीजही वेगळा उठून दिसतो. वर न्यूट्रॉनला स्वतःचं छोटंसं चुंबकत्व असतं, त्यामुळं अणूंचे स्पिन ज्या नक्षीत बसलेत तिचे वेगळे पीक पडतात. हे १९४९ साली शल आणि स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडवर पहिल्यांदा दाखवलं होतं. खोलीच्या तापमानाला जे पीक नव्हते ते ८० केल्विनला उगवले, कारण स्पिन उलटसुलट रांगेत बसले की चुंबकी सेल दुप्पट मोठा होतो. शल यांना त्यासाठी नोबेल मिळालं १९९४ला, म्हणजे बघा किती वर्षांनी. त्यांच्याबरोबर ब्रॉकहाउस होते, आणि आपल्याकडचे अणुशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार तरुणपणी त्याच ब्रॉकहाउस यांच्याबरोबर कॅनडात काम करून आले होते. आपल्याकडं हा विषय नवा नाही.

रिअॅक्टरबद्दल थोडं. ध्रुव ८ ऑगस्ट १९८५ला सुरू झाला, १०० मेगावॅटचा, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी. आतमध्ये एका चौरस सेंटीमीटरमधून सेकंदाला जास्तीत जास्त १८० लाख कोटी न्यूट्रॉन जातात. ऐकायला प्रचंड वाटतं, पण बाहेर बीममधून येऊन, मोनोक्रोमेटरवर एकच तरंगलांबी निवडून (माझ्या मशीनवर १.४८ आंगस्ट्रॉम) नमुन्यापर्यंत पोचतात ते त्यातले अगदी थोडे. म्हणून इथं धीर लागतो. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या रिअॅक्टरचा फ्लक्स, म्हणजे न्यूट्रॉनचा ओघ, याच्या साधारण आठपट आहे, त्यामुळं तिकडं जे मिनिटांत होतं त्याला इकडं तास लागतात. हे मी नाराजीनं सांगत नाही, ग्रेनोबलला जायला व्हिसा लागतो आणि ट्रॉम्बेला रात्रीची स्लीपर.

ती स्लीपर मात्र. बसवाल्याचं नाव घेत नाही, पण नऊची गाडी साडेदहाला आली, निपाणीच्या पुढं एका ढाब्यावर पाऊण तास उभी, आणि मी दहा ग्रॅमची बाटली मांडीवर धरून बसलेलो, शेजारचे काका विचारायला, औषध आहे काय ओ ते? म्हटलं होय, तसंच समजा.

गेटवर पासचं काम असतं, आणि इथं सीमाभागातल्या पोरांना खास सूचना. माझ्या आधारवर नाव कन्नडवरून इंग्रजीत गेलंय, डिग्रीवर वेगळं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच, गावाचं नाव एकीकडं बेळगाव एकीकडं बेळगावी. ही गंमत तुमच्याही घरात असणार. फॉर्म भरतानाच सगळीकडं एकच स्पेलिंग धरा, आणि ते महिनाभर आधी बघा, आदल्या रात्री नको. मोबाईल आत चालत नाही, त्यामुळं जे काय फॉर्म्युले, जुने पेपर, तापमानाची यादी लागणार ते कागदावर छापून न्या. मी नेलं नव्हतं. यादी आठवून परत लिहायला बसलो.

आता माझा गाढवपणा. नमुना करताना लँथनम ऑक्साइड लागतं, आणि ते ऑक्साइड म्हणजे हवेतलं पाणी असं पितं की विचारू नका. बेळगावचा जुलै तुम्हाला माहितीच आहे, कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत. वजन करण्याआधी ते भट्टीत तापवून घ्यायचं असतं, तसं नाही केलं तर तुम्ही लँथनमबरोबर पाणीही तोलताय आणि प्रमाण चुकतं. पहिली बॅच अशीच गेली. दुसरी नीट झाली, पण मी ती साध्या झिपच्या पिशवीत ठेवली, सिलिका जेलच्या दोन पुड्यासुद्धा न टाकता. तिथं पोचल्यावर पहिला पॅटर्न काढला तर पीक होते, पण खालची जमीनच वर आलेली. बॅकग्राउंड एवढं की बारीक पीक त्यात बुडायला लागले.

तिथल्या शास्त्रज्ञांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, ओला आहे का नमुना? हायड्रोजन न्यूट्रॉनला सगळीकडं उधळून लावतो, त्याचा इनकोहेरंट क्रॉस सेक्शन, म्हणजे असं विस्कळीत उधळण्याचं माप, ८० बार्न आहे, म्हणून थोडंसं पाणीही सगळ्या पॅटर्नवर धुकं आणतं. ज्यांना हायड्रोजनवालाच पदार्थ अभ्यासायचा असतो ते त्याच्या जागी ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घालून आणतात, एवढा हा ताप. मला म्हणाले ओव्हनमध्ये ठेव, उद्या बघू. कुठं रागावणं नाही, कुठं टोमणा नाही. त्या रात्री गोवंडीला मावशीकडं झोप लागली नाही मला, तो भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी खरी मजा. नमुना ज्या डबीत भरतात ती व्हॅनेडियमची, बोटाएवढी जाड नळी, पत्रा कागदासारखा पातळ. व्हॅनेडियमच का, तर त्याचं कोहेरंट, म्हणजे पीक पाडणारं, विखुरणं जवळजवळ शून्य असतं, त्यामुळं डबीचे स्वतःचे पीक जवळजवळ पडतच नाहीत. पावडर थोडी थोडी टाकायची, टेबलावर हलक्या हातानं टक टक टक आपटायची म्हणजे बसते, परत टाकायची. एक्स-रेला चिमूटभर पुरतं, इथं पाच-दहा ग्रॅम लागतं, आणि मी आणलेलं सगळं त्यात गेलं तरी वर बोटभर रिकामं राहिलं. झाकणाला इंडियमची तार दाबून सील करतात, आत थोडा हेलियम म्हणजे गारवा पावडरीच्या मध्यापर्यंत पोचतो. मग ती डबी फ्रिजमध्ये, हेलियमवर चालणारा फ्रिज, आणि खाली उतरायला त्याला तास लागतात. फ्रिजचं ते चिक-छुक, चिक-छुक अजून कानात आहे.

१५५च्या खाली गेल्यावर डाव्या बाजूला, लहान कोनात, जिथं आधी काहीच नव्हतं तिथं एक उंचवटा यायला लागला. पहिल्या तासात वाटलं नुसता नॉइज. दुसऱ्या तासात वाटलं नाही ओ, काहीतरी आहे. चौथ्या तासाला सरळ पीक उभा. चुंबकी पीक लहान कोनातच जोरदार असतात, कोन वाढला की झपाट्यानं मरतात, केंद्रकाचे तसे मरत नाहीत, त्यावरूनच कुठला कुणाचा हे पटकन कळतं. या नक्षीला सीई टाइप म्हणतात. वोलन आणि कोहलर यांनी १९५५ साली याच घराण्यातल्या पदार्थांवर न्यूट्रॉन टाकून स्पिनच्या मांडणीला ए, बी, सी अशी अक्षरं दिली, आणि हा पदार्थ सी आणि ई दोन्हींची सरमिसळ निघाला म्हणून सीई. पुस्तकात हे नाव चार वर्षं वाचत होतो, असा स्वतःच्या पावडरीतनं वर येताना बघितल्यावर अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

दुसरी चूक इथंच. मी तापमानं अशी लिहून नेली होती: ३००, २५०, २००, १५०, १००, ५०. समान अंतर, दिसायला छान, कामाला शून्य. गंमत सगळी १४० ते २३०च्या मध्ये आहे, आणि हे खालचं ट्रान्झिशन फर्स्ट ऑर्डर आहे, म्हणजे थंड करताना एका तापमानाला होतं आणि गरम करताना बऱ्याच वरच्या तापमानाला उलटतं. दोन्हीकडनं मोजल्याशिवाय त्याला अर्थ नाही. शेवटच्या दिवशी गरम करताना दोनच पॉइंट मिळाले, १७० आणि २००. १७०ला पीक अजून जिवंत होता, जो उतरताना त्या तापमानाला नव्हताच. एवढ्यावर हिस्टेरिसिस, म्हणजे उतरताना आणि चढतानाचा हा फरक, आहे म्हणता येतं, किती रुंद आहे ते सांगता येत नाही. म्हणून सांगतो, जिथं बदल व्हायचाय तिथं पाच-पाच केल्विनवर पॉइंट घ्या आणि वरचा खालचा उगाच फाफटपसारा सोडा.

डेटा घेऊन आल्यावर रिटव्हेल्ड, म्हणजे रचनेचा अंदाज धरून अख्खा पॅटर्न गणितानं काढायचा आणि मोजलेल्याशी जुळवत न्यायचा. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना वाटतं ही पद्धत एक्स-रेची. ह्यूगो रिटव्हेल्ड यांनी ती नेदरलँड्सच्या पेटन इथं १९६०च्या दशकात न्यूट्रॉनच्याच पॅटर्नसाठी बसवली, एक्स-रेवाल्यांनी नंतर उचलली. सॉफ्टवेअर फुलप्रॉफ, फुकट आहे, पहिल्या दिवशी रडवतं.

पैशाचं: आमचं काम कोलॅबोरेशनमध्ये होतं त्यामुळं बीमचे पैसे पडले नाहीत, प्रवास आणि मावशीकडं नेलेला कुंदा एवढाच खर्च.

कुणी जावं? ज्याला हलक्या अणूची जागा हवी आहे, स्पिनची नक्षी हवी आहे, त्यानं. नुसतं "माझा नमुना शुद्ध आहे का" एवढंच बघायचं असेल तर गावातल्या एक्स-रेवर बघा, कशाला तिथल्या लोकांचे दिवस खाताय. आणि दोन-तीन ग्रॅमच जमतंय म्हणणाऱ्यांनी आधी भट्टीशी दोस्ती करावी.

घरी आल्यावर बाबांना हे सगळं सांगत होतो, ते तीस वर्षं फाउंड्रीत आहेत. म्हणाले, "लोखंड लाल झालं की चुंबकाला चिकटत नाही, हे बघायला मुंबईला गेलास होय?" म्हटलं बाबा, बरोबर आहे तुमचं, ७७० अंशाला लोखंडाचं चुंबकत्व जातं, पण त्याच्याही वर ९१२ अंशाला त्याच्या अणूंची रचनाच बदलते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि न्यूट्रॉन दोन्ही दाखवतो. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग आमच्या कास्टिंगला तडा कुठल्या अंशाला जातो ते विचार की त्यांना."

तिसरी बॅच आज संध्याकाळी लावली आहे, वीस ग्रॅमची, ऑक्साइड आधी तापवून घेतलंय, ओल लागू न देणारा डेसिकेटर तयार आहे. बाहेर धो धो पाऊस आणि लाईट दोनदा झुकून गेली, भट्टी अजून ११००वर आहे, म्हणून आज लॅबमध्येच मुक्काम करायलोय.