चोवीस पाऱ्यांचं पाकीट आणि आईसाठी बिनमांसाचे ग्योझे

आई कराडहून जपानमधल्या हामामात्सुला आली ती गळ्यात तुळशीची माळ घालूनच. वयाच्या तिसाव्या वर्षापासून माळकरी आहे. अंडंसुद्धा चालत नाही. आणि आम्ही राहतो ते गाव असं, की इथे पाहुणा आला की त्याच्यापुढे ग्योझ्याचं ताट ठेवतात. ग्योझा म्हणजे पातळ पारीत सारण भरून तव्यावर खरपूस केलेली छोटी करंजीच. गोल मांडलेले वीस खरपूस ग्योझे आणि मधल्या रिकाम्या जागेत उकडलेल्या कडधान्याच्या मोडांचा ढीग. हामामात्सुत राहून ग्योझा न खाणं म्हणजे कोल्हापुरात राहून मिसळ न चाखण्यासारखं. पण इथल्या सारणात डुकराचा खिमा असतोच. मी स्वतः खाते, नवरा खातो, पण आई तीन महिने इथे राहणार आणि फक्त वरणभात खाणार, हे माझ्या मनाला पटेना.

म्हणून हा अभिप्राय सुपरमार्केटात मिळणाऱ्या एका साध्या पाकिटाबद्दल आहे. ग्योझ्याच्या तयार पाऱ्या. जपानीत ‘ग्योझा नो कावा’, म्हणजे ग्योझ्याची साल. थंड कपाटात, टोफूच्या शेजारी, नूडल्सच्या पाकिटांच्या रांगेत असतात. एका पाकिटात चोवीस पाऱ्या, किंमत आमच्या दुकानात दीडशे येनच्या आत. चार वर्षांत मी पाच-सहा कंपन्यांच्या पाऱ्या वापरून पाहिल्या, पण खरी पारख झाली ती आईच्या या मुक्कामात.

आधी पाकिटामागचं वाचायचं. शाकाहारी माणसासाठी सगळ्यात महत्त्वाचं तेच. चांगल्या पारीत गव्हाचं पीठ, मीठ, स्टार्च एवढंच असतं. बऱ्याच पाकिटांवर याच्या पुढे ‘शुसेई’ लिहिलेलं असतं. त्यातलं पहिलं अक्षर साकेचं, म्हणजे दारूचं. पाऱ्या टिकाव्यात म्हणून घातलेलं ते अल्कोहोल असतं, अगदी थोडं, आणि शिजताना त्यातलं बहुतेक उडून जातं. मी आईला हे लपवलं नाही. तिने विचारलं, “म्हणजे दारूच ना गं?” मी म्हटलं, हो, पण नावापुरती. ती गप्प बसली. मग मी दुसऱ्या दिवशी सायकल काढून लांबच्या दुकानात गेले आणि शुसेई नसलेलं पाकीट शोधून आणलं. ते दोन-तीन दिवसांतच संपवावं लागतं, एवढाच फरक. ज्यांच्या घरी असं कोणी आहे त्यांनी ते अक्षर ओळखायला शिकावं.

आणि तयार ‘भाजीचे ग्योझे’ घेताना तर दुप्पट जपावं. पाकिटावर हिरवा कोबी छापलेला असतो, पण मागे बारीक अक्षरात बऱ्याचदा डुकराची चरबी किंवा कोंबडीचा अर्क सापडतो. म्हणून पारी विकत आणि सारण घरचं, हाच मार्ग मला खात्रीचा वाटतो.

आता पारीबद्दल. तळहातात मावेल एवढी गोल, साधारण नऊ सेंटिमीटरची, आणि इतकी पातळ की खाली बोट धरलं तर सावली दिसते. दोन पाऱ्यांमध्ये स्टार्चची पिठी भुरभुरलेली असते. पाकीट फोडलं की पाच मिनिटांत कडा सुकायला लागतात, म्हणून ओला पंचा पिळून वर झाकून ठेवायचा आणि एकेक पारी काढायची. आपल्या करंजीच्या ओल्या पारीच्या कडा नुसत्या दाबल्या तरी चिकटतात. ही पारी कोरडी असते, तिला पाणी लागतं. वाटीत बोट बुडवून अर्ध्या कडेवरून फिरवायचं. पूर्ण कडेला पाणी लावलं तर चिकचिक होते आणि चुणी घसरते.

आईने पहिली पारी हातात घेतली आणि सवयीने मोदकच वळला. सगळीकडून सारख्या कळ्या, वर नाक. दिसायला सुरेख, पण त्याला बसायला सपाट बूड नव्हतं, तव्यात तो कलंडला आणि एकाच गालावर करपला. शेजारच्या आजी तेव्हा घरी आल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत, आईची भाषा त्यांना येत नाही आणि त्यांची आईला. त्यांनी आईचे हात धरले आणि दाखवलं: मागची बाजू ताणलेली, सरळ ठेवायची. चुण्या फक्त पुढच्या बाजूला, पाच किंवा सहा, सगळ्या एकाच दिशेला. पुढचा काठ चुण्यांमुळे आखूड होतो, मागचा लांबच राहतो, म्हणून ग्योझा आपोआप चंद्रकोरीसारखा वाकतो आणि खालून पसरट बसतो. तो पसरट भागच तव्याला टेकून खरपूस होतो. आईला हे कळायला तीन ग्योझे लागले. चौथ्यापासून तिच्या चुण्या आजींपेक्षा बारीक पडायला लागल्या, आणि आजी टाळ्या वाजवून हसल्या.

शंभर येनच्या दुकानात ग्योझे मुडपायचा प्लॅस्टिकचा साचा मिळतो. आपल्या करंजीच्या साच्याचा सख्खा भाऊ, तशीच बिजागरी, तसेच दात. मी दोन घेतले होते. ते घेऊ नका असं मी स्पष्ट सांगते. करंजीची पारी जाड असते म्हणून तिला दात सोसतात. ही पातळ पारी दातांखाली कापली जाते आणि शिजताना तिथूनच पाणी आत शिरतं. जाड पारी घेतली तर साचा चालतो, पण मग ग्योझा वरून पिठूळ लागतो. हाताने वळायला चोवीस ग्योझ्यांना वीस मिनिटं पुरतात.

पाऱ्यांमध्येही प्रकार आहेत. मोठ्या आकाराच्या पाऱ्यांत सारण जास्त बसतं, पण भाजीचं सारण सैल असतं, मोठ्या पारीत ते मधोमध खचतं. चिकट तांदळाचं पीठ घातलेल्या पाऱ्या मऊ, लवचिक होतात. त्या पाण्यात उकडायच्या ग्योझ्यांना फार छान, तव्यावरच्या ग्योझ्यांना मला नकोत, कारण बूड कुरकुरीत व्हायच्या आधी वरची बाजू चिकट होते. तव्यासाठी साधी, पातळ, चोवीसची पारीच घ्यावी.

एक वाईट अनुभवही सांगते. एका दुकानात शेवटच्या दिवसाचं, अर्ध्या किमतीचा स्टिकर लावलेलं पाकीट घेतलं. वरच्या पाऱ्या ठीक निघाल्या, खालच्या सहा-सात एकमेकींत मुरून एकच गोळा झाला होता. पारी ही शिळी घ्यायची वस्तू नाही. घेताना पाकीट बाजूने दाबून बघा, पानांसारखं सुटं वाटलं पाहिजे. गोठवणार असाल तर पाऱ्या न गोठवता ग्योझे वळून गोठवा, ताटात एकमेकांना न चिकटता मांडून.

सारण. मांस नसलं की सारणाला बांधणारं काही उरत नाही, सगळी अडचण तिथे आहे. माझं चोवीसचं प्रमाण असं: पाव किलो कोबी अगदी बारीक चिरून, अर्धा चमचा मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचा आणि पंचात घालून हात दुखेपर्यंत पिळायचा. दीडशे ग्रॅम घट्ट टोफू वजनाखाली अर्धा तास ठेवून, कुस्करून, कोरड्या तव्यात बदामी होईपर्यंत परतायचा. तीन सुक्या शिताके अळंब्या भिजवून चिरायच्या. आलं, लसूण, आणि ‘निरा’, म्हणजे लसणीच्या वासाची चपटी हिरवी पात. एक चमचा सोया सॉस, एक चमचा तिळाचं तेल, पांढरी मिरपूड, आणि शेवटी एक मोठा चमचा काताकुरिको, म्हणजे बटाट्याचा स्टार्च. तो शिजताना भाजीचं पाणी धरून ठेवतो आणि चावल्यावर सारण भुगा होऊन सांडत नाही. एकादशीच्या आदल्या दिवशी आईसाठी कांदा-लसणाला हात न लावता फक्त आलं आणि अळंबी घालून केलं, तेही उत्तम झालं. त्या अळंबीत चवीचा जीव आहे, तिचं भिजवलेलं पाणी टाकू नका.

तव्याबद्दल इथे प्रत्येक घराचं आपलं मत असतं. मी सव्वीस सेंटिमीटरचा न चिकटणारा तवा वापरते. एक चमचा तेल, गार तव्यातच ग्योझे गोल मांडायचे, मध्ये पाच. मध्यम आचेवर बूड फिकट तांबूस झालं की अर्धी वाटी कढत पाणी, त्यात एक चमचा पीठ कालवलेलं. लगेच झाकण. चार मिनिटं. आणि मग कान द्यायचा. आधी आतून खदखद येते, पाणी आटत आलं की तिची चुरचुर होते. ती चुरचुर ऐकू आली की झाकण काढायचं, कडेने तिळाचं तेल सोडायचं, आणि पिठाच्या पाण्याची जाळी कडेने सुटायला लागेपर्यंत हलवायचं नाही. या जाळीला ‘हाने’ म्हणजे पंख म्हणतात. तव्यावर ताट उपडं ठेवून एका झटक्यात उलटवायचं. आईने घावनाच्या जाळीकडे बघावं तसं त्या पंखाकडे बघितलं, बोटाने मोडून एक तुकडा नुसताच खाल्ला आणि म्हणाली, “हे एवढंच दे मला.”

आता तोंडीलावणं. जपानीत त्याला ‘तारे’ म्हणतात. तयार पाकिटातलं मी आणत नाही, कारण त्यातही मासळीचा किंवा मांसाचा अर्क असू शकतो. घरी करायला एक मिनिट लागतं: सोया सॉस आणि तांदळाचं व्हिनेगर निम्मं-निम्मं, आणि रायु. रायु म्हणजे तिखटाचं तेल. ते मी घरीच करते. तिळाचं तेल धूर येण्याच्या जरा आधीपर्यंत तापवून आईने आणलेल्या संकेश्वरी मिरचीच्या तिखटावर ओतते, थोडं थोडं, नाहीतर तिखट जळतं. रंग गडद लाल, झणका असा की जपानी आजींनी दोन थेंब घेतले आणि तिसरा मागितला. हल्ली इथे बरेच जण सोया सॉस न घेता नुसतं व्हिनेगर आणि भरपूर काळी मिरपूड घेतात. पंखाचा कुरकुरीतपणा त्यात जास्त टिकतो आणि सारणाची चव झाकली जात नाही. माझा कौल त्यालाच.

कोबेला गेलो होतो तेव्हा तिथे ग्योझ्याबरोबर मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचं, तोंडीलावणं दिलं, ती त्या शहराची पद्धत आहे. घरी येऊन केलं: एक चमचा लाल मिसो, थोडी साखर, व्हिनेगर, चमचाभर पाणी, किसलेला लसूण. आईला हे सगळ्यात आवडलं, भाकरीबरोबरही खाल्लं. पण मिसो घेताना डब्यावर ‘दाशी-इरि’ लिहिलेलं नाही ना ते बघा. त्यात मासळीचा अर्क असतो.

या गावाला ग्योझ्याचं एवढं वेड का, हे आजींनी मला सांगितलं होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर चीनमधल्या मांचुरियातून परतलेल्या लोकांनी हा पदार्थ जपानभर आणला, तसा तो इथेही रुजला. रस्त्यावरच्या गाड्यांवर गोल तव्यात जास्त ग्योझे बसावेत म्हणून ते गोल मांडायचे, आणि मधल्या भोकात मोड. आजही गल्लीगल्लीत कच्चे ग्योझे विकणारी दुकानं आहेत, संध्याकाळी लोक तीस-चाळीस बांधून नेतात आणि घरी खरपूस करतात. सरकारच्या घरखर्चाच्या पाहणीत दर घरामागे ग्योझ्यावर किती खर्च होतो हे मोजतात आणि त्यावर हामामात्सु, उत्सुनोमिया आणि मियाझाकी या शहरांची चुरस चालते. 2021 आणि 2022 मध्ये मियाझाकी पहिलं होतं, 2023 मध्ये हामामात्सु. त्या हिशेबात हॉटेलातले आणि गोठवलेले ग्योझे धरत नाहीत, आणि माझ्यासारखीने घरी वळलेले तर नाहीतच. मला त्याचं जरा वाईट वाटतं. आईने तीन महिन्यांत चारशेच्या वर ग्योझे वळले.

पण इथल्या ग्योझा मंडळाची एक व्याख्या आहे: हामामात्सुत तीन वर्षं किंवा जास्त राहिलेल्या माणसाने हामामात्सुतच केलेला तो हामामात्सु ग्योझा. डुकराचं मांस असलंच पाहिजे असं त्यात नाही. आजींनी हे सांगितलं तेव्हा मी बोटं मोजली. मला चार वर्षं झाली आहेत. आईला तीन महिने. म्हणून शेवटच्या आठवड्यात सारण मी केलं, चुण्या तिने घातल्या, आणि ते ताट आम्ही मध्ये मोडांचा ढीग घालून आजींकडे नेऊन दिलं.

परत जाताना आईला पाऱ्या न्यायच्या होत्या, पण त्यांना फ्रिज लागतो, प्रवासात टिकल्या नसत्या. आता ती कराडला मैदा अर्ध्या वाटी कढत पाण्यात भिजवून, अर्धा तास झाकून ठेवून, पोलपाटावर लाटते आणि वाटीने गोल कापते. परवा व्हिडिओ कॉलवर दाखवलं. पारी बाजारच्यापेक्षा जाड होती, चुण्या पाचच्या पाच एका दिशेला.