हजार पिल्लांचा टांगता गॅस ब्रूडर: ऊब उत्तम, पण पेटीत निम्मंच सामान

ब्रॉयलर शेडसाठी ‘हजार पिल्लांचा’ म्हणून विकला जाणारा, साखळीने टांगायचा ५ किलोवॅटचा इन्फ्रारेड गॅस ब्रूडर, म्हणजे लहान पिल्लांना ऊब देणारी गॅसची शेगडी, घ्यावा का? घ्यावा. निफाडकडच्या थंडीत रात्रभर बुखारीत (कोळशाच्या शेगडीत) कोळसा घालत बसणं किंवा वीज गेली की गार पडणाऱ्या बल्बांवर विसंबणं, या दोन्हींपेक्षा तो कितीतरी सरस आहे. त्याची ऊब हवेला नाही, थेट खाली पसरलेल्या भाताच्या तुसाला आणि पिल्लांच्या पाठीला लागते. म्हणूनच भिंतीवरचा थर्मामीटर इथे फसवतो. मोजमाप ब्रूडरच्या कडेला, तुसापासून दोन इंचांवर घ्यायचं. पहिल्या आठवड्यात तिथे ३३ ते ३५ अंश हवेत, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी.

घेताना एकच अट सोडू नये: थर्मोकपलचा, म्हणजे ज्योतीची उष्णता ओळखणाऱ्या कांडीचा, सेफ्टी व्हॉल्व्ह. नॉब दाबून पेटवायचं, २०-३० सेकंद तसंच धरायचं, मग सोडायचं. ज्योत विझली की थर्मोकपल गार होतं आणि मिनिटभरात गॅस बंद होतो. काही शेडमध्ये ‘सारखा विझतो’ म्हणून नॉब दाबून रबराने बांधलेला दिसतो. हे फार भयंकर आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. न जळलेला गॅस वर न जाता तुसावर, पिल्लांच्या उंचीवर साचतो, आणि शेजारचा ब्रूडर पेटलेलाच असतो. सारखा विझत असेल तर थर्मोकपलचं टोक ज्योतीत आहे का ते पाहावं, नाहीतर ते बदलावं.

पेटीत ब्रूडर, पातळ साखळी आणि हातभर नळी येते. रेग्युलेटर बहुतेकदा वेगळा घ्यावा लागतो आणि खरी चूक तिथे होते. काही मॉडेल ३० मिलिबारच्या कमी दाबावर चालतात, काहींना जास्त दाबाचा, कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर लागतो. जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोक, त्या दाबाप्रमाणे पाडलेला असतो. दाब कमी पडला तर ब्रूडरची तापणारी जाळी धड लाल होत नाही आणि ज्योत पिवळी, काजळी धरणारी होते. जास्त झाला तर ज्योत जाळीवरून उडते. ब्रूडरच्या पाटीवरचा दाब वाचूनच रेग्युलेटर घ्यावा. नळी आयएस ९५७३ छापलेलीच हवी, दोन्ही टोकांना क्लिप हवी. आणि १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर इथे लावायचा नाही, १९ किलोचा व्यावसायिकच लावायचा.

हिशेब सोपा आहे. ५ किलोवॅटचा ब्रूडर पूर्ण आचेवर तासाला सुमारे ४०० ग्रॅम गॅस खातो, म्हणजे १९ किलोचा सिलिंडर दोन दिवस. पण पाच ब्रूडर एका सिलिंडरवर जोडले तर तासाला दोन किलो गॅस ओढला जातो, आणि गारठ्यात एका सिलिंडरमध्ये तेवढी वाफ तयारच होत नाही. पहाटे सिलिंडरच्या खालच्या अंगावर आधी दव, मग पांढरं हिम धरतं, दाब पडतो आणि नेमक्या सर्वांत थंड तासाला सगळे ब्रूडर मंदावतात. सिलिंडरवर गरम पाणी ओतणं किंवा खाली शेगडी ठेवणं हा उपाय नव्हे. मॅनिफोल्डवर, म्हणजे अनेक सिलिंडर एकत्र जोडणाऱ्या पाइपवर, जास्त सिलिंडर जोडावेत. १०० किलोपर्यंतच्या साठ्याला परवाना लागत नाही, म्हणजे १९ किलोचे पाच चालतात. ते शेडबाहेर, सावलीत, उभे आणि साखळीने बांधलेले असावेत.

टांगणी छताच्या ट्रसला (कैचीला) किंवा पर्लिनला (आडव्या पट्टीला), लोखंडी साखळीने. सुतळी किंवा नायलॉन दोरी उष्णतेने तुटते आणि ब्रूडर थेट तुसावर येतो. साखळीशेजारी एक सुटी तार जास्तीची बांधावी, तुस भरताना धक्का लागतोच. गॅसच्या नळीवर वजन अजिबात येऊ देऊ नये आणि ती ब्रूडरवरून न नेता बाजूने न्यावी. उंची आणि तिरपेपणा मॅन्युअलमध्ये असतो. सिरॅमिक जाळीचे ब्रूडर मुद्दाम तिरके टांगतात, नाहीतर गरम धूर वर जेटकडे जातो. प्लास्टिकचे पडदे, फॉल्स सीलिंग आणि रिकामी पोती वाऱ्याने जवळ येणार नाहीत हे पाहावं. जोडण्या झाल्या की प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्याने तपासावा. काडी लावून कधीच नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष हवेकडे होतं. ऊब वाचवायची म्हणून पडदे घट्ट बांधतात. एक किलो एलपीजी जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात शेडमध्ये सुटतं. पाच ब्रूडर दिवसभर पूर्ण आचेवर चालले तर सत्तर-पंचाहत्तर लिटर पाणी! तुस ओलं होतं, अमोनिया चढतो, आणि हवा कमी पडली की विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पिल्लं सुस्तावतात आणि दोष खाद्याला दिला जातो. कार्बन डायऑक्साइड ३,००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३,००० भागांच्या) खाली ठेवायचा तर एका ब्रूडरमागे तासाला सुमारे २५० घनमीटर ताजी हवा लागते, पिल्लांच्या श्वासाची वेगळी. पडदा खालून बांधून वरच्या कडेला फट ठेवावी. हवा वरून येते, पिल्लांवर झोत बसत नाही. पिल्लं एकाच कोपऱ्यात गोळा झाली असतील तर झोत कुठून येतोय ते शोधावं, आच वाढवू नये.

फिल्टर नसलेला ब्रूडर स्वस्त पडतो, पण घेऊ नये. पिसांची धूळ आणि तुसाचा भुगा हवेच्या भोकातून आत जातो आणि पिल्लांच्या दोन बॅचमध्ये जाळीवर काळे डाग दिसू लागतात. फिल्टर असला तरी बॅच निघाली की कॉम्प्रेसरच्या हवेने सगळं झटकावं. जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नये. भोक केसभर मोठं झालं तरी गॅसचं प्रमाण बिघडतं, मग जेट बदलावाच लागतो.