स्लॅबच्या घराचा उकाडा: पांढरा लेप, पत्रे, कौले की आधी एसी?

गोव्यातल्या चिऱ्याच्या कौलारू घरात मे महिन्यातही रात्री झोप लागते. त्याच वाड्यावरच्या नव्या स्लॅबच्या घरात वरच्या खोलीतला पंखा मात्र रात्री दहालाही गरम वारा फेकतो. याचे मोठे कारण छप्पर. चार-पाच इंची काँक्रीट दिवसभर तापते आणि काही तासांनी, म्हणजे नेमके झोपायच्या वेळी, ती उष्णता खाली सोडते. एसी आधी घेतला तर तो रात्रभर या स्लॅबशीच झुंजतो. म्हणून पैसे आधी छपरावर, मग पंख्यांवर आणि उरले तर एसीवर घालावेत.

पांढरा लेप

सर्वांत स्वस्त आणि दोन-तीन दिवसांत होणारे काम. नवा पांढरा लेप अंगावर पडलेल्या उन्हापैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त ऊन परत पाठवतो. जुने, काळवंडलेले सिमेंट बहुतेक ऊन शोषते. अपार्टमेंटमध्ये शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना सोसायटीच्या संमतीने करता येण्याजोगा बहुधा हाच एक उपाय.

लेप फसतो तो तयारीत. आधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, भेगा भरा, कठड्याच्या कोपऱ्याला सिमेंटची गोलाई द्या. मग दोन फूट प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने गच्चीवर चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर स्लॅब अजून ओला आहे. त्यावर लेप दिला की फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. पहिला हात पातळ, पुढचे दोन एकमेकांना आडवे-उभे. तळपत्या दुपारी लावू नका, वरचा थर आधी सुकतो आणि खालचा धरत नाही.

गोव्यातली खरी अडचण पावसाळ्यानंतरची. इथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि चतुर्थीपर्यंत पांढरी गच्ची काळी झालेली असते. ती तशीच राहिली तर ऑक्टोबरच्या उकाड्यात लेपाचा उपयोग फारच थोडा. पाऊस थांबताच घासून धुणे हा या पर्यायाचाच भाग समजा. पाणी साचणाऱ्या गच्चीला आधी उतार दुरुस्त करा.

पत्रे

स्वतःचे घर असेल आणि स्लॅब गळतही असेल, तर आमचे मत पत्र्यांकडे झुकते. ऊन आणि पाऊस दोन्ही स्लॅबपर्यंत पोचत नाहीत, शिवाय कपडे वाळत घालायला जागा मिळते. अट एकच: खालची बाजू किमान सात फूट उंच आणि चारी बाजू वाऱ्याला मोकळ्या. दोन फुटांवर बसवलेला तापलेला पत्रा स्लॅबलाच भाजतो. बाजू बंद करून अडगळीची खोली केली की मधली हवा अडकते आणि छपराची भट्टी होते. रंग फिका घ्या. विटकरी आणि गडद निळा दिसायला छान, पण तापतो जास्त.

किनाऱ्याजवळ, कळंगुट किंवा बाणावलीसारख्या ठिकाणी, खारा वारा आधी स्क्रू खातो, मग पत्रा. जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा असलेला पत्रा, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि रबरी वॉशर घ्या. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, खोलगटात नको. तिथूनच पाणी शिरते. ग्राइंडरने उडालेले लोखंडाचे कण त्याच दिवशी झाडून काढा, नाहीतर पहिल्याच पावसात तिथे गंजाचे ठिपके उमटतात. खांबांचे बूड तुळईवर किंवा कॉलमवर बसवा. नुसत्या स्लॅबला भोके पाडली की वाऱ्याच्या ओढीने तीच पुढे गळतात. काम सुरू करण्यापूर्वी पंचायतीत किंवा पालिकेत परवानगीची चौकशी करा. पावसाचा पत्र्यावरचा आवाज मात्र सोसावा लागतो.

कौले

सुखाला यांना तोड नाही: आवाज कमी आणि सांध्यांतून गरम हवा निघून जाते. पण चौरस मीटरला साधारण पंधरा मंगळुरी कौले, म्हणजे जवळपास चाळीस किलो, आणि लाकूड किंवा लोखंड वेगळे. तेवढ्याच जागेला पत्रा असतो चार-पाच किलोंचा. जुन्या स्लॅबवर चढवण्याआधी अभियंत्याला दाखवाच. माकडांचा त्रास असलेल्या गावांत आणि माडांखाली दरवर्षी कौले फुटणार, ती बदलणारा माणूस जवळपास मिळतो का ते आधी पाहा.

घराच्या आत

कूलर घेऊ नका. हवेतच इतका ओलावा असतो की पाणी नीट सुकत नाही, खोली फक्त दमट होते. साधा छताचा पंखा 75 वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखा तीसेक वॉट. रोज बारा तास चालला तर पंख्यामागे महिन्याला सुमारे 16 युनिट वाचतात. पश्चिमेच्या खिडकीला आतला पडदा पुरत नाही, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेले असते. बाहेरून चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) किंवा छज्जा लावा.

छपराचे काम झाल्यावरही एसी हवाच असेल तर खोलीच्या मापाचा इन्व्हर्टर एसी घ्या. गरजेपेक्षा मोठा एसी हवा लगेच गार करतो, पण ओलावा काढायला पुरेसा वेळ चालत नाही, आणि अंथरूण ओलसर लागते. तो 24 अंशांवर ठेवून सोबत पंखा लावा. एक अंश वर ठेवल्याने साधारण 6 टक्के वीज वाचते.

सौर पॅनेल लावायचे मनात असेल तर लेप आणि पत्रे या दोन्हींआधी त्याचा विचार करा. तीन किलोवॉटला सुमारे 300 चौरस फूट जागा लागते, तेवढ्या स्लॅबवर सावली आपोआप पडते, आणि केंद्र सरकारच्या घरगुती सौरविजेसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत या क्षमतेला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. पत्रे आधी बसवले असतील तर पॅनेलचे वजन त्यांच्या सांगाड्याला झेपेल का, हे फॅब्रिकेटरकडून तपासून घ्या.