शिसं पोटात गेलेलं जनावर: चिलेशन, थायमिन की अँटिऑक्सिडंट?

गोठ्याच्या मागे फुटलेली बॅटरी पडली आहे. वासरू भिंतीला डोकं टेकून उभं आहे, दात खातंय, कान सारखे फडफडवतंय आणि समोर हात हलवला तरी त्याची पापणी हलत नाही. अशा वेळी हाताशी तीन प्रकारची औषधं असतात. धातू बांधून बाहेर काढणारं चिलेशन, मेंदूला आधार देणारं थायमिन म्हणजे बी-१, आणि पेशींची जळजळ रोखणारी ई जीवनसत्त्व-सेलेनियमसारखी अँटिऑक्सिडंट. मेडिकलमध्ये सर्वांत सहज मिळतात ती अँटिऑक्सिडंट, म्हणून पुष्कळदा सुरुवात तिथूनच होते. हा क्रम चुकीचा आहे. अँटिऑक्सिडंट शिशाने केलेलं नुकसान आवरतात, शिसं स्वतः मात्र फारसं हलवत नाहीत. जाळीच्या पोटात (रेटिक्युलम, गाईच्या चार पोटांपैकी एक) बॅटरीच्या पट्टीचा तुकडा बसलेला असेल तर तो महिनोन्‌महिने विरघळत राहतो. ई जीवनसत्त्वाच्या कितीही सुया मारल्या तरी तो तुकडा तिथेच असतो.

औषधाआधी दोन गोष्टी

लाळ गळते, जनावर हंबरतं, अंगावर येतं, अडखळतं. ही लक्षणं रेबीजमध्येही दिसतात. रेबीज नाही याची खात्री पटेपर्यंत हातमोजे घाला आणि 'घशात काही अडकलंय का' हे पाहायला तोंडात हात घालू नका. आंधळेपणाबद्दल एक खूण उपयोगी पडते. शिशामुळे दिसेनासं झालेल्या जनावराच्या डोळ्यात उजेड टाकला तर बाहुली आकसते, कारण मार मेंदूवर असतो, डोळ्यावर नसतो. अ जीवनसत्त्वाच्या जुन्या कमतरतेत बाहुली सुस्त पडलेली असते.

दुसरी गोष्ट रक्ताची. चिलेशन सुरू करण्याआधी ईडीटीए किंवा हेपॅरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या, नळीत रक्त घ्या. सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, पाठवून उपयोग नाही, कारण रक्तातलं जवळजवळ सगळं शिसं तांबड्या पेशींत असतं. गाईबैलांत 0.35 पीपीएम, म्हणजे डेसिलिटरमागे 35 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आकडा आला आणि लक्षणंही जुळत असली, तर निदान पक्कं धरतात. अहवाल यायला वेळ लागतो. तोवर पोट साफ करणं आणि थायमिन ही दोन कामं थांबवू नका.

मात्रा शेजारी शेजारी

| उपाय | 400 किलोची गाय | 60 किलोचं वासरू |
|---|---|---|
| मॅग्नेशियम सल्फेट, तोंडाने (किलोमागे 400 मिग्रॅ) | 160 ग्रॅम | 24 ग्रॅम |
| थायमिन, कातडीखाली (किलोमागे रोज 2 ते 4 मिग्रॅ) | 800 ते 1600 मिग्रॅ | 120 ते 240 मिग्रॅ |
| कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए, चिलेशनचं औषध (किलोमागे रोज 110 मिग्रॅ, दोन भागांत) | रोज 44 ग्रॅम | रोज 6.6 ग्रॅम |
| ई जीवनसत्त्व, खाद्यातून (रोजची गरज) | दुभती 500, भाकड 1000 एकक | लेबलप्रमाणे |

ही मापं पशुवैद्यकाशी बोलताना हाताशी असावीत म्हणून दिली आहेत. सुई त्यांनीच द्यायची आहे.

मॅग्नेशियम सल्फेट

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा उपाय. आतड्यातलं विरघळलेलं शिसं सल्फेटशी जुळून न विरघळणारं बनतं आणि जुलाबावाटे निघून जातं. रंगाच्या खपल्या, ग्रीस, इंजिनाचं जळकं तेल पोटात गेलं असेल तर उपयोग चांगला होतो. धातूचा अख्खा तुकडा मात्र यानं निघत नाही. त्यासाठी पोट उघडून, म्हणजे रुमेनोटॉमी करून, जाळीच्या पोटात हात घालावा लागतो. तरीही बारीक कण मधाच्या पोळ्यासारख्या त्या खणांत उरतातच, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही रक्त तपासत राहावं लागतं. जनावराला झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल तर बाटलीने काहीही पाजू नका, ते सरळ फुप्फुसात जातं. झटके आधी थांबवायचे, मग नळीने औषध द्यायचं.

थायमिन विरुद्ध ईडीटीए

खरी तुलना या दोघांची आहे. उपलब्ध असतील तर दोन्ही एकत्र द्यावीत, परिणाम सर्वांत चांगला तसाच मिळतो. एकच शक्य असेल तर मोठ्या गाईत पहिली सुई थायमिनची.

कारण हिशोबातच आहे. ईडीटीएची माणसांसाठी येणारी कुपी सहसा 5 मिलीची असते आणि तिच्यात 1 ग्रॅम औषध असतं. गाईला रोज 44 ग्रॅम लागतं, म्हणजे दिवसाला 44 कुप्या. तीन दिवस द्यायचं, दोन दिवस थांबायचं आणि पुन्हा तोच फेरा. तालुक्याच्या गावात एवढा साठा मिळत नाही. वासराला दिवसाला सातेक कुप्या पुरतात, तिथे हा उपाय आवाक्यात येतो. वासरात तो टाळूही नये. दुधावरच्या वासराचं आतडं शिसं जास्त शोषतं आणि लक्षणं झपाट्याने वाढतात.

ईडीटीए देताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली जीवघेणी आहे. 'कॅल्शियम डायसोडियम' आणि नुसतं 'डायसोडियम' यांत गल्लत झाली, तर दुसरं औषध रक्तातलं कॅल्शियमच ओढून घेतं आणि हृदय बंद पडतं. कुपीवरचं नाव दोघांनी वाचा. दुसरी चूक म्हणजे कोरड्या पडलेल्या जनावराला औषध देणं. बांधलेलं शिसं मूत्रपिंडातून बाहेर जातं, म्हणून आधी सलाइन लावा आणि लघवी होतेय हे पाहा, मग औषध पातळ करून सावकाश सोडा. तिसरी चूक पोटात शिसं शिल्लक असताना चिलेशनवर विसंबून राहण्याची. रक्त साफ होतं आणि पोटातून पुन्हा भरतं.

थायमिनला असे धोके कमी. शिरेतून झपकन सोडलं तर क्वचित तीव्र रिॲक्शन येते, म्हणून कातडीखाली किंवा स्नायूत द्यावं. इथली नेहमीची चूक म्हणजे थायमिनऐवजी बी-कॉम्प्लेक्स देणं. त्यात बी-१ इतकं थोडं असतं की 10 मिलीच्या सुईने 400 किलोच्या गाईची मात्रा गाठली जात नाही. लेबलवरचे मिलीग्रॅम मोजा. आणखी एक सावधगिरी हवी. बी-१ च्या कमतरतेतही जनावर असंच आंधळं होतं आणि थायमिनने सुधारतं, म्हणून 'थायमिनने बरं वाटलं, म्हणजे शिसं नव्हतं' असा निष्कर्ष काढू नका.

अँटिऑक्सिडंट नेमकं कुठे बसतात

शिसं प्रथिनांच्या गंधकगटांना चिकटतं. त्यामुळे ग्लुटाथायोन, म्हणजे पेशींचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, खर्ची पडतं आणि हिमोग्लोबिन बनवणारी विकरं अडतात. अडलेल्या रसायनाचा साठा वाढतो आणि तोच मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल, पेशींना इजा करणारे कण) तयार करतो. यकृत, मूत्रपिंड, मेंदू आणि तांबड्या पेशींची आवरणं त्या माऱ्यात जळतात. ई जीवनसत्त्व आवरणांचं रक्षण करतं, सेलेनियम ग्लुटाथायोनच्या विकराला लागतं, मेथिओनिन आणि ॲसिटिलसिस्टीन ग्लुटाथायोनचा कच्चा माल पुरवतात. हे काम खरं आहे आणि मोलाचं आहे.

इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत ई जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व आणि मेथिओनिन यांवर असे प्रयोग झाले, तेही उंदरांवर. जगभरातलं बहुतेक काम उंदरांवरचंच आहे आणि बऱ्याच प्रयोगांत अँटिऑक्सिडंट शिशाच्या आधी किंवा सोबत देतात. तुमच्या गोठ्यातली गाय आजारी दिसते तेव्हा शिसं आधीच पोटात गेलेलं असतं. शिवाय रक्तातला ऑक्सिडेशनचा निर्देशांक सुधारणं वेगळं आणि जनावर वाचणं वेगळं.

गाईच्या बाबतीत पोटच वेगळं आहे. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कोठीपोटातले (रुमेनमधले) जिवाणू फोडून टाकतात, त्यामुळे तोंडाने देणं म्हणजे पैसे वाया. मोठं जनावर ते स्वतःच्या यकृतात बनवतं. पहिले तीनचार आठवडे वासरू चीक आणि दुधावर अवलंबून असतं, तिथे सुईने देण्याला अर्थ आहे. हळदीचं कुरक्युमिन आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. लसणाचा वास दुधाला लागतो. घरचं म्हणून थोडं दिलं तर बिघडत नाही, पण त्यात पहिला दिवस घालवू नका.

सेलेनियम जपून वापरा. गरज आणि विष यांतलं अंतर कमी आहे. सुई एकदा, वजन मोजून. त्याच आठवड्यात सेलेनियम असलेलं दुसरं टॉनिक नको. पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यात मातीतच ते इतकं आहे की चाऱ्यातून जनावरांना विषबाधा होते. जस्त शिशाशी आतड्यात स्पर्धा करतं, म्हणून उपयोगी आहे. पण ईडीटीए जस्तालाही धरून बाहेर नेतं. दोन्ही एकाच वेळी दिलं तर एकमेकांना खातात. जस्त दोन फेऱ्यांच्या मधल्या सुटीत द्यावं, आणि बेतानेच, कारण जास्त झालं तर तांबं कमी पडतं.

तुमची स्थिती कोणती

झटके, आंधळेपणा, बसकण असेल तर क्रम असा ठेवा: झटके थांबवणं, थायमिन, सलाइन, पोट साफ, ईडीटीए मिळालं तर ते. ई जीवनसत्त्व-सेलेनियमची एक सुई सोबत द्यायला हरकत नाही, फक्त पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर ती ही नव्हे.

जनावर धडधाकट दिसतंय पण त्याच बॅटरीजवळ चरलंय, अशा वेळी सगळ्या कळपाचं रक्त तपासा. आकडा वाढलेला, पण पक्क्या निदानाइतका नाही, असा आला तर मॅग्नेशियम सल्फेट, थायमिन आणि रोज ई जीवनसत्त्व हा जोड योग्य आहे.

भंगाराचं काम, बॅटरी गाळण्याची भट्टी किंवा वाहता रस्ता शेजारी असेल आणि थोडं थोडं शिसं रोजच जात असेल, तर अँटिऑक्सिडंटचा खरा उपयोग इथे आहे. कॅल्शियम, फॉस्फरस, लोह, जस्त कमी असलेलं जनावर शिसं जास्त शोषतं, म्हणून खनिज मिश्रण चुकवू नका. वाळलेल्या कडब्यात ई जीवनसत्त्व नगण्य असतं, ताज्या हिरव्या चाऱ्यात भरपूर. पण तो चारा भट्टीच्या वाऱ्याखालचा नको, नाहीतर औषधासोबत विषही गव्हाणीत येतं. जुन्या फाटकाचे, खिडक्यांचे रंगही तपासा. घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएमची मर्यादा भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या खपल्या वासरं अजून चाटतात.

हे सगळं शिशाचं झालं. धातू बदलला की तुलनाही बदलते. मेंढीत तांब्याची विषबाधा झाली तर तांबं स्वतःच मुक्त मूलकं घडवतं, तिथे ई जीवनसत्त्वाचा दावा अधिक सबळ आहे. मुख्य औषध तरीही मोलिब्डेटच (मोलिब्डेनमचा क्षार). कुत्र्याने रंग चाटला असेल तर तोंडाने देता येणारं चिलेशनचं औषध सक्सिमर, किलोमागे 10 मिग्रॅ दिवसातून तीनदा, दहा दिवस, हे ईडीटीएपेक्षा सोपं आणि मूत्रपिंडाला सौम्य पडतं.

गाय उभी राहिली, खाऊ लागली तरी दूध डेअरीत घालू नका. हाडांत साठलेलं शिसं हळूहळू रक्तात परत येतं, हा काळ आठवड्यांचा नाही, अनेक महिन्यांचा असू शकतो. दुधासाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा किलोमागे 0.02 मिग्रॅ आहे आणि उकळल्याने शिसं जात नाही. शेवटच्या फेऱ्यानंतर दोनतीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा. आकडा परत चढला असेल तर जाळीच्या पोटात अजून तुकडा आहे असं धरून चाला.