अ‍ॅनी ओकली स्मारक रिव्हॉल्वर: नऊ महिने आणि साडेसहाशे गोळ्यांनंतर

गेल्या महिन्यात नेमबाजीच्या सामन्यात तिसऱ्या स्टेजवर रिव्हॉल्वरचा घोडा (काडतुसावर आपटणारी मागची कळ) ओढला आणि काडतुसं ठेवायचा फिरता सिलिंडर खाचेत अडकलाच नाही. बोटाला नेहमीचं ‘खट्’ जाणवलं नाही, सिलिंडर नुसता सैल फिरला. नळी मातीच्या बांधाकडे ठेवून मी रिव्हॉल्वर टेबलावर टेकवलं आणि हात वर केला. अधिकाऱ्यांनी येऊन ते रिकामं केलं आणि माझा दिवस तिथेच संपला. त्याच रात्री लिहायला बसलो असतो तर हे सगळं फार कडू झालं असतं. आता दुरुस्ती होऊन तीन आठवडे झाले आहेत, काही मतं बदलली आहेत, काही अजिबात बदललेली नाहीत.

रिव्हॉल्वर कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या घडणीचं, .४५ कोल्ट काडतुसाचं, साडेपाच इंची नळी. ते बनवणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही. अ‍ॅनी ओकली या अमेरिकी नेमबाज बाईच्या स्मरणार्थ काढलेली ही आवृत्ती आहे: मुठीवर तिचा चेहरा, चौकटीवर केस-हार्डनिंगचे (पोलाद कडक करताना उमटणारे) निळे-तपकिरी ढग, आणि सिलिंडरभोवती सोन्याने भरलेल्या अक्षरांत ‘लिटल शुअर शॉट’. लकोटा आदिवासींचा नेता सिटिंग बुल याने तिला दिलेलं हे नाव. या पट्टीबद्दल मला बरंच बोलायचं आहे, त्याकडे येतो.

मी ओहायोत डेटनजवळ राहतो. अ‍ॅनीचा डार्क परगणा गाडीने तासाभरावर. १८६० साली ती तिथे जन्मली, लहानपणी शिकार विकून तिने घरच्या जमिनीवरचं कर्ज फेडलं, १८८५ मध्ये बफेलो बिलच्या ‘वाइल्ड वेस्ट’ या फिरत्या खेळात गेली आणि तीस पावलांवरून पत्त्याची कड उडवायला लागली. पत्त्याची पाठ नव्हे, कड. ग्रीनव्हिलच्या गार्स्ट संग्रहालयात मी पहिल्यांदा मुलीला घेऊन गेलो आणि त्यानंतर चार वेळा एकटाच गेलो. त्यामुळे तिच्या नावाचं रिव्हॉल्वर विकायला आलेलं दिसल्यावर फार विचार केला नाही. तिची खरी हत्यारं रायफल आणि शॉटगन, हे मला माहीत आहे. एडिसनने १८९४ मध्ये तिचं चित्रीकरण केलं, त्यातही तिच्या हातात रायफलच आहे. तरी सामन्यात कमरेला लावता येईल अशी तिची आठवण मला हवी होती.

वापरलेलं होतं म्हणून ६१० डॉलरला मिळालं. स्मारक आवृत्ती एकदा झाडली, मूळ खोका आणि प्रमाणपत्र हरवलं, की संग्राहक तिच्याकडे बघत नाहीत. या रिव्हॉल्वरमधून आधीच्या मालकाने दोन-तीन डबे झाडले होते आणि कागद एकही नव्हता. माझ्यासारख्याला याहून चांगला सौदा नाही. मला ते काचेच्या कपाटात ठेवायचंच नव्हतं.

पहिले तीन महिने मी खूश होतो. वजन हातात छान बसतं, मूठ गोळीच्या धक्क्याबरोबर तळहातात वळते आणि अंगठा आपोआप पुन्हा घोड्यावर येतो. पंधरा यार्डांवर निशाण्याची लोखंडी पाटी सहसा चुकत नाही. तयार काडतुसांचा पन्नासचा डबा पन्नास डॉलरच्या आसपास पडतो, म्हणून पितळी टरफलं जपून घरीच भरतो आणि खर्च निम्म्यावर आणतो. हे करणार नसाल तर .४५ च्या वाटेला जाऊ नका, .३८ ची काडतुसं झाडता येतील असं रिव्हॉल्वर घ्या. वर्षाच्या आत काडतुसांचा खर्च बंदुकीच्या किमतीपुढे जातो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात ओरखडा दिसला. सिलिंडरभोवती एक बारीक रेघ, अगदी त्या सोनेरी अक्षरांवरून. आधी वाटलं शिशाचा डाग असेल. पुसलं, गेला नाही. दोन आठवड्यांनी रेघ चकाकायला लागली आणि ‘शुअर’ शब्दातलं सोनं एका बाजूने उडालं.

या घडणीच्या सिलिंडरवर अशी रेघ येते हे मान्य. माझ्याकडचं दुसरं, साधं रिव्हॉल्वर दहा वर्षांचं आहे, त्यावरही ती आहे आणि मला तिचं काही वाटत नाही. पण कंपनीने नाव कोरलं ते नेमकं खाचांच्या ओळीत, जिथे सिलिंडर अडवणारा खटका घासतो. पुढे, खोबणींच्या मधल्या जागेत कोरलं असतं तर शंभर वर्षं शाबूत राहिलं असतं. हे ठरवणाऱ्याने एकदा तरी घोडा ओढून पाहिला होता का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आणि नाव कोणाचं? १९०३ मध्ये शिकागोत एका बाईने चोरीच्या प्रकरणात पकडल्यावर आपण अ‍ॅनी ओकली असल्याचं सांगितलं आणि वर्तमानपत्रांनी ते न तपासता देशभर छापलं. खऱ्या अ‍ॅनीने ५५ वर्तमानपत्रांवर दावे लावले, त्यातले ५४ जिंकले. त्यात तिची वर्षंच्या वर्षं गेली, नेमबाजी बाजूला पडली, पण नाव तिने धुऊन काढलं. अ‍ॅनीचं नाव घासलं जाईल अशा जागी कोरणं मला सहन होत नाही. मित्र म्हणतात, सोन्याचा एक कण गेला, एवढं काय. मला ते एवढंच वाटत नाही.

मी फोटो काढून कंपनीला पाठवले. पहिलं उत्तर अकरा दिवसांनी आलं: हमी फक्त मूळ खरेदीदाराला. ठीक, नियम आहे. मी लिहिलं की हमी नको, पैसे घ्या पण खटका वर येण्याची वेळ तपासून द्या. त्यावर उत्तर आलं की स्मारक आवृत्त्या संग्रहासाठी असतात, नेमबाजीसाठी वापरू नयेत. .४५ काडतूस भरून झडणारी, पूर्ण तपासणी होऊन बाहेर पडलेली बंदूक, आणि ती झाडू नका म्हणतात! आठ पत्रं झाल्यावर मी नाद सोडला.

आता मत कुठे बदललं ते सांगतो. क्लबात एक जुने बंदूक-दुरुस्तीवाले आहेत. त्यांनी सिलिंडरला मार्करची शाई फासली, घोडा हळूहळू मागे घेतला आणि शाई कुठे खरवडली गेली ते दाखवलं. प्रत्येक खाचेच्या आधी थोडीशी. म्हणजे खटका जरा लवकर वर येत होता, हा कंपनीचा दोष. पण माझ्या सिलिंडरवर रेघ सलग गोल होती, खाचांच्या मधल्या जागेतसुद्धा, आणि ती लवकर उठणाऱ्या खटक्याने होत नाही. घोडा अर्धाच मागे घेऊन सिलिंडर मोकळा फिरवला आणि घोडा तिथूनच खाली सोडला, की खटका दोन खाचांच्या मध्ये सिलिंडरवर दाबून बसतो आणि पुढच्या फिरण्यात घासत जातो. घोडा आधी पूर्ण मागे ओढून मगच सोडायचा असतो. मी सामन्यात नेहमी तसंच करतो. पण दिवाळीला घरी आलेल्या प्रत्येकाने ते रिकामं रिव्हॉल्वर हातात घेतलं, सिलिंडर फिरवला, घोडा सोडला, आणि मी कौतुकाने बघत उभा होतो. तेव्हा सलग रेघ घरची आहे. कंपनीला लिहिलेल्या पत्रांत मी तिचाही दोष त्यांच्या माथी मारला होता, ते चुकलं. नाव त्या जागी कोरल्याची तक्रार मात्र कायम आहे.

घरचाच दुसरा किस्सा. आई इथे आली होती. खंडेनवमीला तिने शस्त्रपूजेत रिव्हॉल्वर मांडलं आणि मी म्हणेपर्यंत चौकटीला हळदकुंकू लावलं. मी रात्रभर ते तसंच राहू दिलं. सकाळी पुसलं तर कुंकवाच्या ओल्या टिकलीखाली केस-हार्डनिंगचा निळा ढग पुसट झाला होता. तेव्हापासून पूजेत तेल लावलेलं फडकं गुंडाळूनच ठेवतो आणि टिकली फडक्यावर. आईला ते पटलं. झाडल्यावर साफ करताना अमोनिया असलेलं द्रावण सोन्याच्या किंवा या रंगांच्या जवळपासही नेऊ नका.

त्या दिवशी सामन्यात जे तुटलं ती खटक्याची दुहेरी पातळ पट्टी होती, ट्रिगर आणि खटका या दोघांना सांभाळणारी. जुन्या घडणीत ती सपाट असते आणि कधी ना कधी तुटतेच, याला मी दोष म्हणत नाही. तिच्या जागी तारेची स्प्रिंग बसवली, नऊ डॉलर. खटक्याची वेळ जुळवली, त्याचे ४५. म्हणजे ५४ डॉलरमध्ये आणि एका दुपारात काम झालं, जे आठ पत्रांत झालं नव्हतं. आता मार्करची शाई फक्त खाचेच्या तोंडाशी खरवडते. नवी सपाट पट्टी आणि एक तारेची स्प्रिंग काडतुसांच्या पेटीत जादा ठेवली आहे. तुम्हीही ठेवा.

घ्यावं का? नवं, पूर्ण किमतीला, खोक्यासकट, झाडण्यासाठी घेत असाल तर नको. त्या पैशांत दोन साधी रिव्हॉल्वरं येतील आणि सामन्याला दोन लागतातच. वापरलेलं, कागद हरवलेलं मिळालं तर घ्या. पण विकत घेण्याआधी सिलिंडरची रेघ बघा: खाचेच्या तोंडाशीच असेल तर चांगलं, खाचेच्या आधीपासून सुरू होत असेल तर वेळ जुळवण्याचे पैसे किमतीतून कापा, आणि सलग गोल असेल तर आधीच्या मालकाने ते कसं हाताळलं ते विचारा.

उडालेलं सोनं पुन्हा भरून देणारा एक कारागीर सापडला, १८० डॉलर सांगतो. ते मी देणार नाही, पुढच्या दिवाळीपर्यंत पुन्हा तेच व्हायचं. त्याऐवजी हातात देण्याआधी प्रत्येकाला घोडा कसा सोडायचा ते आधी दाखवायचं, मग नाव वाचायला द्यायचं असं ठरवलं आहे. परवा मुलीला शिकवलं. तिने घोडा पूर्ण मागे घेतला, अंगठ्याने धरून हळू खाली आणला आणि सिलिंडर जागच्या जागी बसला.