ट्रॉलीच्या फळ्या बदलताय? बाभूळ की जुनं सागवान?

ट्रॅक्टरच्या सपाट ट्रॉलीचा तळ कुजला की वखारीत जाण्याआधी तिच्याखाली वाकून बघा. तळाला आधार देणारे लोखंडी चॅनल लांबीत असतील तर फळ्या आडव्या, सहा फुटी बसतात. चॅनल आडवे असतील तर दहा फुटी सरळ फळ्या लागतात, आणि तशी फळी बाभळीच्या आखूड, वाकड्या बुंध्यातून क्वचितच निघते. निम्मा निर्णय इथेच होतो.

सहा फुटी चालत असेल तर माझं मत बाभळीला. बैलगाडीची चाकं बाभळीची करायचे ते तिच्या चिवटपणासाठीच. रोटाव्हेटर ओढत चढवला तरी ओरखड्यावर भागतं. खोट एकच, कडेचा पांढरा भाग. त्यात भुंगेरे शिरतात आणि फळीखाली पिवळसर भुकटी पडू लागते. तो भाग कापूनच घ्या. ओंडका काही आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवलेला असेल तर उत्तम.

केळीचे घड, कापूस, कांदा एवढंच वाहायचं असेल तर सागवान सरस. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पावसात फळी फार फुगत नाही आणि वजनही कमी. दहा बाय सहाच्या तळाला दीड इंच जाडीत साडेसात घनफूट लाकूड लागतं. ते सागाचं सुमारे 140 किलो भरतं, बाभळीचं 170, अंजन या आणखी जड झाडाचं 220 च्या आसपास. मात्र कोवळ्या सागात पांढरा भागच जास्त असतो. त्यापेक्षा पाडलेल्या माळवदाच्या घराच्या जुन्या तुळया शोधा. चिरायला देण्याआधी त्यातला खिळा न् खिळा उपटा, नाहीतर करवतीचं पातं जातं.

अंजन दणकट खरं, पण भोक पाडल्याशिवाय त्यात खिळा शिरत नाही आणि वजन कायमचं ट्रॅक्टरवर बसतं. नीलगिरी स्वस्त, पण आपल्या मे महिन्यात पिळवटते, तडकते. तिच्या वाटेला जाऊ नका.

उन्हाळ्यात खडखडीत वाळलेल्या फळ्या एकमेकींना भिडवून ठोकल्या तर पावसात फुगून वर उचलतात. मध्ये 3-4 मिलिमीटर फट ठेवा. जळकं ऑइल फासू नका, कापूस काळा होतो आणि ओल्यात पाय सरकतो. जवसाचं उकळलेलं तेल लावा, तेही बसवण्याआधी, चारही बाजूंनी. बोल्टची भोकं आणि फळीची कापलेली टोकं दोन-तीनदा भिजवा, पाणी सगळ्यात आधी तिथूनच शिरतं.